जाळी

विद्यापीठाचा संघ भोपाळला गेला.
विभागातले पहिले दोन त्याच्याही आधी, पुण्याला.
मग मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात,
परीक्षेचे फॉर्म भरून झाल्यावर,
सातपूरला आमच्या कॉलेजात ही स्पर्धा भरते.
पत्रकावर नाव लांबलचक,
कै. नरहर क्षेमकल्याणी स्मृती निमंत्रित बास्केटबॉल चषक.
पोरी म्हणतात, उरलीसुरली.
"यंदा उरलीसुरलीला येताय ना?"
फोनवर विचारतात एकमेकींना
आणि येतात.

मी गुणलेखक.
एरवी रसायनाच्या प्रयोगशाळेत ब्युरेट धुतो.
वर्षातले तीन दिवस
माझ्या अक्षराला किंमत असते.

सिन्नरच्या सात जणींत बूट पाच जोड.
आत जाणारी बाहेर येणारीचे घालते,
लेस बांधून होईपर्यंत
पंच शिट्टी तोंडात धरून आभाळ बघतात.
मनमाडच्या पोरी रेल्वेच्या मैदानावर शिकलेल्या,
पास मागतात तेही असं ओरडून
की मधून मालगाडी चाललीय.
निफाडच्या सरांनी द्राक्षांची पेटी आणली,
निर्यातीच्या मापात न बसलेली.
त्यावर कुणीतरी विनोद करणारच होतं,
पण तोंडं भरलेली.

फायनल मालेगावशी. रविवार, सहाचा सुमार.
त्या वेळी त्र्यंबक रोडच्या अंगाला ऊन उतरतं
आणि पश्चिमेच्या रिंगकडे बघवत नाही.
त्या रिंगला जाळी नाही.
दिवाळीपासून नाही.
शिपाई म्हणतो पोरांनी नेली,
पोरं म्हणतात शिपायाच्या कोंबड्यांच्या खुराड्याला बघा.

चाळीस-एकोणचाळीस, मालेगाव पुढे. सहा सेकंद.
आमची ऋजुता गांगुर्डे, टी.वाय.ची,
एक तारखेपासून एमआयडीसीत कामाला लागणार,
कोपऱ्यातून, एका पायावर,
तोल जाता जाता चेंडू सोडते.
माझ्या शेजारी दिंडे टोल देतो.

आणि काहीच आवाज नाही.
लोखंडाचा नाही, फळीचा नाही.
चेंडू वर होता, मग उन्हात होता, मग खाली.
आतून आला, की अलीकडून?
एका पंचांनी डोळ्यांवर हात धरलेला,
दुसरे अजून अर्ध्या मैदानात.
दोन्ही बाक उभे राहून
दोन वेगळ्या गोष्टी ओरडतायत.
पंच माझ्याकडे बघतात.
मी कागदाकडे.

रिंगच्या ऐन खाली सायमा मोमीन,
मालेगावची, नऊ नंबर, चार फाऊल.
हात अजून वर, मान अजून मागे.
तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.
"पडला," ती म्हणाली.
मग, ऐकू गेलं नसेल असं वाटून की काय,
"सर, आतून पडला."

तिच्या बाकावरून जे ऐकू आलं
ते मी इथे लिहीत नाही.
मी एकेचाळीस लिहिले.

चषक घेताना ऋजुताने वर पाहिलंच नाही.
नंतर पाण्याच्या टाकीपाशी दोघी दिसल्या.
बोलणं कळलं नाही.
सायमा पायरीवर बसलेली,
ऋजुता तिच्या घोट्याचं क्रेप बँडेज सोडवत होती,
गाठ पक्की बसलेली, दातांनी.
सव्वासातला मालेगावची जीप निघाली.
आतून कुणी हात केला नाही.

ती गुणपत्रिका विद्यापीठाला जात नाही.
कुठेच जात नाही.
माझ्या कपाटात आहे,
सिल्व्हर नायट्रेटच्या बाटलीमागे.

जूनमध्ये मी अर्ज केला.
जाळ्या दोन, नायलॉन, पांढऱ्या.
प्राचार्यांनी न बोलता सही केली.
आता चेंडू आत गेला की सप् वाजतं,
भिंतीपलीकडच्या रिक्षावाल्यालाही कळतं.
दिंडे म्हणतो, बरं झालं, भांडण मिटलं.
मिटलंच.
मी मात्र आधी
रिंगखाली उभ्या असलेल्या पोरीकडे बघतो,
मग लिहितो.