काळीज म्हणजे यकृत

सकाळी सातला कोपरखैरण्यात याकूबभाई विचारायचे,
"ताई, कापून देऊ कलेजी?"
नको. अख्खी. आणि ती जाडी नळी
बोटभर तरी ठेवा.
आता विचारत नाहीत. वेगळी बांधून ठेवतात.

महापेच्या लॅबमध्ये त्या नळीतून
पंप दोन दिवस साबणाचं पाणी सोडतो.
आधी तपकिरी जातं, मग गुलाबी,
काळजाचं पाणी पाणी होतं,
आणि उरतो एक पांढरा, आरपार दिसणारा सांगाडा,
पुनर्विकासाला काढलेल्या सिडकोच्या इमारतीसारखा:
जिने तसेच, पाइप तसेच,
माणसं उठवलेली.

नवी माणसं येतात इन्क्युबेटरमधून.
सदतीस अंश. डबी सत्तेचाळीस.
नाव लिहायचं नाही, नियम आहे.

मला माहीत आहे.
फॉर्मवर सही करताना बाबूस म्हणाला होता,
"चामरी तं चामरी, घे गो.
माजे कामाला येल का पन?"
वर्षं लागतील, म्हटलं.
"मंग ठीक हाय,"
जशी वर्षं त्याच्या खिशात सुटी पडली होती.

(दारू नाही. लोक आधी तेच विचारतात.
साखर, आणि रबाळ्याच्या कंपनीत
तीस वर्षं रात्रपाळीचे वडे.)

मला काळजाचा तुकडा म्हणायचा.
तपासणीत त्या तुकड्यालाही चरबी निघाली.
डॉक्टरांनी नाकारला.

भाद्रपदात गेला.
तिसऱ्या दिवशी घणसोलीच्या घरात
आत्या दारात आडवी उभी: सुतकात कुठं?
काय सांगू तिला.
की त्यांना रोज खायला लागतं,
एक दिवस चुकला तर मरतात,
की ज्याचं सुतक धरलंय
तो तिकडे वाढतोय.
"कामावर," म्हटलं, आणि रिक्षा केली.

आज त्यांना सांगाड्यात सोडलं.
रुपयाएवढा तुकडा.
थोडा युरिया करतो, थोडं अल्ब्युमिन,
एका उंदराला पुरेल की नाही कोण जाणे.
ठोका नाही त्याला.
काळजाला ठोका नसतोच,
तो हृदयाचा; आपल्या भाषेनं कधीतरी
दोघांच्या खोल्या बदलल्या.
तरी झाकण लावताना माझा एक चुकला.

पिवळं पडलेलं जुनं माध्यम ओतून दिलं,
हातमोजे काढले, रजिस्टर उघडलं.
सत्तेचाळीससमोर लिहिलं: जेवला.

खोडलं.
लिहिलं: माध्यम बदललं, ९.४०.