सदतिसावा कागद

महालातल्या जुन्या देवळाच्या भिंतीला
सातवी ‘ब’चे छत्तीस पंजे चिकटले होते
डिसेंबरच्या उन्हात.
सिमेंटच्या पोत्याचा आतला कागद,
वरून मेणखडू आडवा धरून घासायचा.
हळू, मी म्हणालो, दगड म्हातारा आहे.

“सर, हत्ती उमटून राह्यला!”
फैजान ओरडला. खरंच,
आधी सोंड, मग गुडघा,
मग तेलाशेंदराचा एक जाड ओघळ,
जो कुणीच कोरलेला नव्हता.

लतिका पराते घासत नव्हती.
कमानीखालच्या दातेरी पट्टीवर बोट ठेवून
मोजत होती.
“ही तं करवत आहे, सर. आमच्या लुगड्याची.”
माग विकला त्याला आठ वर्षं झाली,
बाप इतवारीत ई-रिक्षा चालवतो.
तेव्हा ती पाच वर्षांची असेल.
बोटांना कुणी शिकवलं?

शाळेत छत्तीस कागद फरशीवर मांडले
आणि जुळेचनात.
कुणाची वेल करंगळीएवढी,
कुणाची मनगटाएवढी,
शेजारच्या कागदात शिरताना
वेलीचं डोकं आपटायचं.
रडारड झाली. सम्यक मेश्रामनं
खोडरबर फेकून मारलं फैजानला.
मी पट्टी काढली,
ती पोरांनी हिसकून घेतली.

मग सम्यकच पोटावर झोपला,
आणि एका तुटक्या देठापासून
दुसऱ्या तुटक्या देठापर्यंत
त्यानं अळी काढली.
जाड, हिरवी, पाय मोजून.
त्यानंतर कुणी ऐकेना.
एका फटीत मुंग्या गेल्या,
एकीत संत्र्याची फोड बसली,
एकीत ई-रिक्षाचं चाक.
लतिकानं चारी बाजूंनी करवत ओढली:
दात, खाच, दात, खाच,
छत्तिसांनी मिळून रंगवली ती,
मधली सुट्टी बुडवून.

शनिवारी पुन्हा देवळात नेलं,
त्यांनी कसं जुळवलं होतं ते बघायला.
तासभर काही नाही. मग मागच्या कोनाड्याशी,
बादल्या-झाडू ठेवतात त्या अंधारात,
फैजानला सापडला एक सांधा.
दोन दगड, दोन हात, वेल चुकलेली.
आणि त्या चुकीवर बसलेली
बोटभर खार,
बाकी भिंतीवर कुठेच नसलेली.

कागद एकच उरला होता.
एकानं धरला, एकानं घासला,
एकानं मोबाईलचा उजेड पाडला.

“म्हणजे त्याइचंबी भांडण झालं असंन, सर,”
सम्यक म्हणाला.

खोडरबर अजून सापडलेलं नाही.