लाल फीत

कॉलेज रोड, मॉलचा चौथा मजला, साडेसहाचा खेळ.
पुतण्यानं तिकिटं काढलेली.
म्हणाला, काका, तुमचाच पिक्चर आहे.
माझा कसला?
माझ्या पिक्चरमध्ये एक माणूस तीन तास
विमानाच्या पोटाखाली उताणा पडून
एकच तार पिळत असतो,
आणि शेवटी ती तुटते.

पडद्यावरचा समुद्र निळा होता.
असतो निळा, नाही असं नाही,
पण आम्हाला तो पांढरा भेटायचा,
पंखांच्या सांध्यांत, रिव्हेटांच्या डोक्यांवर,
मिठाची बारीक पूड होऊन.
विमान उतरलं की आधी त्याला गोड्या पाण्यानं न्हाऊ घालायचं,
इंजिनाच्या घशात पाणी सोडायचं,
आणि आपण अर्ध्या बादलीत उरकायचं.
इथं विमान उतरतं, हीरो उतरतो, सूर्य उतरतो.
न्हाऊ कुणीच घालत नाही.

हीरोचं विमान गळत नाही.
माझ्या एकाही विमानानं मला हा मान दिला नाही.
थेंब मोजायचो आम्ही, मिनिटाला किती.
इतके चालतील. त्यावर एक नाही.
आणि हँगरच्या कोपऱ्यात कायम एक उभं,
ज्याचं सुरुवातीला काहीच बिघडलेलं नव्हतं.
शेजारच्याला पंप हवा होता, म्हणून काढला.
मग झडप. मग चाक.
नवा पंप कागदावर निघालेला होता,
आठ महिने, लालफितीतून चालत.
त्या विमानाला आम्ही अन्नपूर्णा म्हणायचो.

एकदा रात्री मोजणीत दहाचा पाना कमी भरला.
उड्डाणं बंद.
एक पाना, आणि अख्खं जहाज वाट बघत.
पहाटे तीनला कुंजुमोनला तो सापडला,
स्वतःच्याच डांगरीच्या आतल्या खिशात.
कुठंतरी टाकून 'मिळाला' म्हणता आलं असतं.
तो आला, साहेबांच्या हातावर ठेवला,
आणि शिक्षेची वाट बघत उभा राहिला.
त्याच्यासाठी शिट्टी कुणी वाजवली नाही.

इथं मात्र वाजत होत्या.
विमान सुटायच्या बेतात, ढोल, हीरोचा अंगठा वर.
तो अंगठा आम्हाला असतो.
क्षेपणास्त्रांच्या पिना काढून, लाल फितींसकट
पंख्यासारख्या हातात धरून आम्ही वर दाखवायच्या,
वैमानिकानं मोजायच्या,
मग अंगठा.
पिक्चरवाल्यांनी अंगठा ठेवला, पिना विसरले.

कारण मला दिसली.
डाव्या पंखाखाली, खाली कोपऱ्यात, जरा धूसर,
वीतभर लाल फीत. फडफडत होती.
मी उभा राहिलो.
"थांबवा!"
पॉपकॉर्न सांडलं. मागून कुणीतरी,
ओ काका, बसा की खाली.
विमान गेलंच होतं तोवर.
त्याच पंखाखालच्या क्षेपणास्त्रानं पुढं
शत्रूचं विमान पाडलं,
पीन आत असताना.

गाडीत पुतण्या म्हणाला, काय झालं होतं?
म्हटलं, गुडघा आखडला.

त्याआधी पार्किंगमध्ये मी वाकलो होतो.
रोज सूर्य उगवताना डेकवर खांद्याला खांदा लावून
आम्ही चालायचो, नजर खाली,
खिळा, खडा, तारेचा तुकडा, जे इंजिन गिळेल ते वेचत.
बारा वर्षं झाली. मान अजून वर होत नाही.

आडगाव मागं पडलं, मग दहावा मैल.
ओझरच्या अंगाला काहीतरी गडगडत गेलं,
पुतण्यानं काच खाली करून आभाळात शोधलं.
मी डोळे मिटून ऐकलं.
बरं होतं. दोन्ही इंजिनं बरी होती.
कुणीतरी आज तार नीट पिळली होती.

शैलानं शर्ट धुवायला घेण्याआधी
सवयीनं खिसा चाचपला.
"आज काय?"
स्क्रू. पाऊण इंची, डोकं झिजलेलं.
तिनं तो डब्यात टाकला, बाकीच्यांत.
"आणि पिक्चर?"
विमान चांगलं होतं, म्हटलं.
धुवायला हवं होतं.