पीठ मोजून

उद्यमबागेतली पाळी संपवून येतो,
हाताचं कूलंट रिठ्यानं धुतो
आणि पॅण्ट घालतो.
लुंगीवर विमान उडवायचं नाही, हा पहिला नियम.
कुणी बघत नाही म्हणूनच.

खुर्ची भंगारातल्या मॅक्सीकॅबची.
थ्रॉटल मी स्वतः लेथवर काढलेला,
दोन दांडे, डाव्याला किंचित खेळ आहे.
सांबऱ्याला धुकं असेल तर माझंही विमान हलत नाही.
अनगोळच्या गच्चीवर जाऊन बघून येतो,
पाण्याच्या टाकीवरचा लाल दिवा दिसला तर परवानगी.

हैदराबादला एक तास पाच मिनिटं लागतात.
मलाही एक तास पाच मिनिटं लागतात.
वेळ पळवायची कळ आहे, तिच्यावर चिकटपट्टी.
पॉजवर तर सोड्याच्या बाटलीचं झाकण ठोकून बसवलंय.
वर कुणाला थांबता येतं?

लोक म्हणतात, लुमाण्णा मनातले मांडे खातो.
खातो की.
पण हे बेळगाव आहे, इथं मांडे खरे मिळतात,
उपड्या कढईवर भाजलेले, उपरण्याएवढे,
म्हणून मनातल्यांचंही पीठ मोजूनच घ्यावं लागतं.

घोषणा तीन भाषांत.
आधी कन्नड की आधी मराठी, यावरून
कस्तुरीचं नि माझं एकदा दोन दिवस बोलणं बंद होतं.
आता सम तारखेला तिची, विषम तारखेला माझी,
इंग्रजी कायम शेवटी, दोघांची सावत्र.
स्वयंपाकघरातून ती विचारते,
"चहा देतात काय ह्या विमानात?"
पट्ट्याची खूण विझेपर्यंत नाही.

त्या रात्री गोकाकचे दिवे डावीकडं मागं पडले,
सतरा हजार फूट, बेचाळीस प्रवासी,
आणि आई न्हाणीत पडली.
आवाज आला तो आधी मला डाव्या इंजिनाचा वाटला.

रिक्षात तिचं डोकं माझ्या खांद्यावर.
कण्हता कण्हता म्हणाली,
"विमान कुणाकडं दिलंस रे?"
कुणाकडं नाही. ऑटोपायलट चालू होता.
झाकण काढायला किती वेळ लागला असता?
काढलं नव्हतं.

इस्पितळाच्या बाकावर घड्याळ.
साडेदहा, हैदराबाद खाली, उतर म्हणणारं कुणी नाही.
साडेअकरा, ओडिशाचे डोंगर.
बारा, किनारा संपला.
नर्सनं एक्स-रे उजेडाला धरला,
खुब्यात एक तिरपी रेघ.
बारा पंचवीसला मी उठून उभा राहिलो.
"काय झालं?" कस्तुरी म्हणाली.
"इंधन संपलं."
ती बघत राहिली. चिडेल वाटलं.
मग हळू म्हणाली, "बेचाळीस?"
घोषणा तिनं ऐकली होती. तारीख सम होती.

बुडालेलं विमान परत उडवायचं नाही.
तो क्रमांक मी वहीत चौकटीत लिहिला,
पंधरा दिवस खुर्चीवर आईच्या गोळ्यांची पिशवी होती.

आता ती वॉकर टेकत दारापर्यंत येते.
"काय करूलालास रे?"
"हवामान बघूलालोय."
"बघ बघ," म्हणते, आणि जात नाही.

वहीच्या शेवटच्या पानावरचा नियम माझा नाही.
कस्तुरीचं अक्षर, कन्नड,
मी मराठी शाळेतला, मला जुळवून वाचावं लागतं:
अत्ते बिद्दरे विमान निल्लिसबेकु.
सासू पडली तर विमान थांबवायचं.
खाली मी सही केली, तारीख घातली.

झाकण मात्र काढलं नाही.
परवा धूळ पुसताना बघितलं,
एका बाजूनं ते
कुणीतरी सुरीच्या टोकानं
सैल करून ठेवलंय.