काठी

फेब्रुवारी. लिव्हरपूल. चार वाजताच खिडकी काळवंडते,
म्हणून आमचा सूर्य भाड्याचा:
झेनॉनचा दिवा, दिव्याला पंखा, पंख्याला घरघर.

ऊना फेअरक्लफ कुपीत भुकटी टाकते.
(तिच्या नावात ऊन आहे, हे तिला माहीत नाही.)
भुकटी पिवळी, जुन्या वर्तमानपत्राच्या कडेसारखी.
कार्बन, नायट्रोजन, जरासा हायड्रोजन,
प्लॅटिनमचा नुसता वास लागावा इतकाच.
"युरिया भाजून केलंय," ती म्हणते, "तरी याला उजेड कळतो."

कुपी थ्रेलफॉल म्हाताऱ्याने फुंकलेली.
तळाच्या काचेत एक बुडबुडा राहून गेलाय.
विचारलं तर म्हणाला, असू दे, तो माझा.

माझ्या भाषेत म्हणतात,
काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही.
मी तिला अर्थ सांगितला,
आणि हेही, की ते पाण्याबद्दल नाहीच,
रक्ताच्या नात्याबद्दल आहे.
ती हसली नाही.
नदीपलीकडे, बर्कनहेडला, तिचा भाऊ राहतो.
फेरीने दहा मिनिटं.
घराचे वाटे झाल्यापासून नऊ वर्षं.

हायड्रोजन रोज येतो, त्याचं कौतुक संपलंय.
त्यासाठी कुणाचा तरी बळी द्यावा लागतो,
बिचारं क जीवनसत्त्व इलेक्ट्रॉन देता देता झिजून जातं.
ऑक्सिजन हट्टी.
चार इलेक्ट्रॉन मोजून काढून घेतल्याशिवाय
पाणी त्याला सोडत नाही.
आज बळी नाही. पाणी, भुकटी, दिवा.

सव्वासहाला पडद्यावर एक टेकडी उगवली.
ऑक्सिजन!
ऊनाने माझा दंड इतका घट्ट धरला
की मी बोललोच नाही.
मग तिनेच बोट पुढे सरकवलं:
शेजारी दुसरी टेकडी, चौपट उंच. नायट्रोजन.
म्हणजे हवा. साधी, बाहेरची, आपण सगळे घेतो ती.
रबरी बुचाला सुयांची जुनी भोकं,
तिथून आत शिरलेली.

दुधाचं दूध, पाण्याचं पाणी, मी पुटपुटलो.
याचा अर्थ तिला सांगितला नाही.

ती नवं बूच बसवते. आर्गॉनची नळी. अर्धा तास.
टेबलावर तिचा फोन थरथरतो, पालथा,
शेजारच्या बीकरमध्ये वर्तुळं उठतात.
"हातात मोजे आहेत," ती म्हणते, मला नव्हे.
वर्तुळं काचेला लागतात, परत येतात,
पाणी पुन्हा एकसंध.
दिवा लावू? मी विचारतो.
थांब जरा, ती म्हणते,
आणि मोज्याचं एक बोट ओढते.