दीड लिटर

योजना मी उन्हाळ्यात आखली होती.
कागदावर सगळं कोरडं होतं:
अकरा दिवसांचा बंद, नऊ टन कास्टेबल,
चारशे बारा अँकर, दोन मिक्सर, त्यातला एक राखीव.
जानेवारी कुठल्याच रकान्यात मावला नाही.

रुस्तावीत त्या आठवड्यात नळ गोठले.
आम्ही पाणी चहासारखं तापवलं,
तापमापी बुडवली, पंधरा अंश, मग पोती फोडली.
पोतीही रात्रभर हीटरपाशी निजवलेली,
आजारी वासरं आत घ्यावीत तशी.

अँकर मी एकेक ठोकून ऐकले.
नीट जोडलेला खणखणतो.
बोदा वाजला त्याच्यावर खडूची फुली.
पहिल्या फुलीला वेल्डर झाझा हसला,
सतराव्या फुलीला जॉर्जियन सोडून
रशियनमध्ये शिव्या देऊ लागला,
आणि शिव्या देतदेतच सतराही पुन्हा जोडले त्याने.
टोकांना प्लास्टिकच्या टोप्या घातल्या.
पोलाद तापलं की फुगतं, त्याला हलायला जागा लागते,
आणि ते आधी मागत नाही.

माल ओतार तपासायचा.
मुठीत गोळा वळून वीतभर वर उडवायचा, झेलायचा.
फुटला तर तहानलेला.
बोटांतून ओघळला तर मातलेला.
नुसता बसला, बोटांचे ठसे घेऊन,
तर म्हणायचा, ओता.
डाव्या हाताला त्याच्या तीनच बोटं आहेत.
झेलायचा त्याच हाताने.

मी फर्म्याशी उभी राहून
व्हायब्रेटर हळू ओढायला सांगत होते,
घाईने ओढला की मागे बीळ राहतं.
सात नंबरच्या ओतणीला मात्र मी तिथे नव्हते.
फोनवर होते. हे मी इथे लिहून ठेवते,
नोंदवहीत लिहिलेलं नाही.

बर्नर पेटला. तासाला पंधरा अंश.
आलेखावर चढण, मग सपाटी, मग चढण,
खेचरं घाट चढतात तसा.
दुसऱ्या रात्री नुकरी आला, टोपी हातात.
एकोणीस वर्षांचा. म्हणाला,
सातला मी पाणी जास्त घातलं.
किती?
मगभर. दर पोत्याला नाही. कधी कधी.
घट्ट होतं, फावडं चालत नव्हतं, हात बधिर झाले होते.

पाणी वाईट नसतं.
पण वाफ झाली की त्याला हजारपटीहून अधिक जागा हवी असते
आणि दार सापडलं नाही तर ते भिंत उचलतं.

मी बर्नर एकशे पन्नासवर रोखला.
सपाटी लांबवली, सहा तास.
पहाटे काखाबेरचा फोन:
सहा तास म्हणजे किती टन, कळतं का तुम्हाला?
मी म्हटलं, कळतं.
मग कारण?
थंडी, मी म्हटलं.
खोटं नव्हतं. तिनेच तर हात बधिर केले होते.

ओतार उकिडवा बसून कवचाची भोकं बघत होता.
आमच्या काखेतीत, तो म्हणाला, पावाची नवी भट्टी
पहिल्या दिवशी नुसता धूर खाते.
द्राक्षवेलीच्या काटक्या, त्याही ओल्या.
बायका म्हणतात, तिला आधी रडू द्या.
बाकीची भोकं मध्यरात्रीच कोरडी पडली.
सातचं गळत राहिलं,
थेंब, मग थेंब,
खाली नुकरीने डबा ठेवला होता, कुणी न सांगता.
साडेनऊला आवाज थांबला.
आम्ही तिघं अजून ऐकतच होतो.

आता ती लाल आहे आणि कुणी तिच्याबद्दल बोलत नाही.
मार्चच्या बंदमध्ये मी आत वाकून सातवर हातोडी टेकवीन,
तेव्हा काय ते कळेल.

मिक्सरपाशी मात्र आता एकच मग आहे.
आतून खिळ्याने कोरलेली रेघ, दीड लिटरवर.
रेघ जरा तिरकी आहे.
मी मोजून पाहिलं. बरोबर आहे.