येळा

लग्नात हा येळा दंडात चढवताना
केजच्या सोनारानं साबण लावला व्हता.
सासूनं मनगट धरलं, नणदेनं कोपर,
मी वरडले तशी मांडवातली माणसं हसली.
सोनार म्हणला, आता हा निघायचा नाही.
कापावा लागंल.

परवा धुणं पिळताना
तो आपोआप कोपराशी येऊन बसला,
पाहुण्यावानी.

सराफानं तोलून पाहिला.
वीस तोळे. गुंजभर कमी नाही.
चांदी हाय तेवढीच हाय, म्हणला,
दंड कुठं ठिवलास, मावशे?

कुठं ठिवला ते मलाबी ठावं नाही.
चोरी झाली असती तर कुत्रं भुकलं असतं.
काट्यावर उभी राहते तर वजनबी तेच,
चौपन्न, धा वर्सांमागं व्हतं तेवढंच.
मोंढ्यातल्या पोत्यावानी झालंय मपलं:
माप बरोबर, आतला माल बदललेला.

बहात्तरला तळ्याच्या कामावर
मी दोघींची घमेली एकटी उचलायची.
मुकादम म्हणायचा, सोजर, तुला दोन हजेऱ्या लावतो.
लावल्या कधीच नाहीत, ती गोष्ट येगळी.
आता लोणच्याच्या बरणीचं झाकण निघंना
तर शेजारच्या चौथीतल्या पोराला हाक मारते.
ते दात काढतं, बरणी उघडतं,
आन मजुरी म्हणून एक फोड घेऊन पळतं.

पारूबाई न्हाणीत घसरली म्हणतात.
घसरली कशाची! मांडीनंच सोडून दिलं तिला.
पोळ्याला पडली, खुबा मोडला.
दसऱ्याला बाजंखाली तिच्या चपला नव्हत्या.
तवापासून न्हाणीत जाताना
मी आतून कडी लावत नाही.

आंबेजोगाईच्या दवाखान्यात आफरीन नावाची पोरगी.
म्हणली, आजी, हात छातीवर बांधा,
टेकू न घेता खुर्चीतून पाच येळा उठा.
म्हणलं, माय, येळा तर एकच राहिलाय,
दुसरा थोरलीच्या बाळंतपणात गेला.
तिचा डोळा मोबाईलच्या घड्याळावर. हसली नाही.
शाळंत मी गेलेच नाही,
मपल्या वाटच्या उठाबशा तशाच राहिल्या व्हत्या.
सत्तरी उलटल्यावर मास्तरीण भेटली.
तिसरीला गुडघे लटपटले,
चौथीला खुर्चीच मला सोडंना.

स्नायू झिजलेत, म्हणली.
वयानं झिजतात, बसून आणखी झिजतात.
काय खाता?
च्यात भाकर.
दूध?
डेअरीला जातं.
अंडी?
नातवाला लागतात.
डाळ?
वरचं पाणी बरं पडतं, दात नाहीत ना.
ती लिहायची थांबली.
मग एवढंच बोलली:
आजी, आता खालची डाळ तुमची.

पन्नास वर्सं पळी तळाला गेली
ती दुसऱ्यांच्या ताटासाठी.
काल पहिल्यांदा मी मपल्यासाठी तळातून घेतलं.
सून बघत व्हती. बोलली नाही.
मीबी नाही.
घास गिळताना मातर
चोरी केल्यावानी वाटलं.

सकाळी भिंत धरून उठते, बसते.
मिठाच्या दोन पुड्या घेऊन हात वर नेते.
गल्लीतल्या बाया म्हणतात, सोजरबाई तालमीत जायली.
म्हणू द्या.
कामून म्हणून इचारलं एकीनं.
म्हणलं, कुस्ती नाही गं,
रातच्याला बाजंवरून एकटीनं उठायचंय.

येळ्याखाली चिंधीचे तीन वेढे असतात.
आज दोनच दिले.
भांडी घासेपर्यंत टिकला,
मग घरंगळला.
राखेच्या हातानंच वर सारला.